नावांतील इतिहास : कोटणीस स्मारकाच्या निमित्ताने

तेल्हाऱ्याहून मुद्दाम सोलापुरास जाऊन प्रस्तुत लेखकाने डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक-संग्रहालय पाहिले. ते त्यांच्या वडिलोपार्जित घरातच आहे. तेथील छायाचित्रे युद्धकालीन रुग्णसेवेची साक्ष देतात. परंतु भाषाभ्यासकाचे लक्ष नावांकडे वळते.

‘कोटणीस’ यातील ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, याचे रूप होय. फडणीस, चिटणीस यांप्रमाणेच ही दफ्तरी व्यवसायाची खूण आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टर धाडले. तेथे कोटणीस ‘के दिह्वा’ झाले. अखेरच्या ‘ह्वा’चा अर्थ चीन, पाचही जणांच्या चिनी नावांस तो जोडला गेला. १९४२ मध्ये जन्मलेल्या कोटणिसांच्या मुलाचे नाव ‘यिनह्वा’ : ‘यिन’ म्हणजे भारत. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, ३२ वर्षांचे असता, कोटणीस चीनमध्येच निवर्तले. वडिलांचे नाव एका देशाकडून दुसऱ्याकडे गेले; मुलाच्या नावात दोन्ही देश एकत्र आले.

पथकातील डॉ. मोरेश्वर चोळकर नागपूरचे. नागपूर व तेल्हारा तेव्हा एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. प्रकृतीमुळे चोळकर लवकर परतले. त्यांच्याही चिनी नावात ‘ह्वा’ होता. तरी आमच्या भागात त्यांचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो. केवळ परतल्यामुळे माणसाचे कार्य उणे ठरत नाही. चोळकरांसंबंधीची कागदपत्रे शोधण्याचे काम येथील विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, एवढेच सुचवावयाचे आहे.