कोयनेल आणि जांभळा दिवा

विज्ञानाचा इतिहास कॉमर्सच्या पदवीधराने सांगू नये, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या काउंटरवर नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे, त्याचाही या इतिहासात थोडासा वाटा निघतो.

सुरुवात कोयनेलपासून. हिवतापावरचं हे औषध मोखाड्याकडच्या म्हाताऱ्यांना फक्त कडूपणामुळे आठवतं. 1845 साली इंग्लंडात जॉन हर्शेल यांना त्याच्या पाण्यासारख्या द्रावणावर निळी झाक दिसली. 1852 साली स्टोक्स यांनी उलगडा केला : कोयनेल न दिसणारे जंबुपार किरण गिळतं आणि दिसणारा उजेड परत देतं, मात्र थोडी ऊर्जा मध्येच कापून! म्हणजे शुद्ध बँकिंग!

1871 साली जर्मनीत बायर यांनी फ्लुओरेसीन हा हिरवा चमकणारा रंग बनवला. 1965 साली केस्टन आणि ब्रँट यांनी त्याच्याच कुळातल्या एका पदार्थाने हायड्रोजन पेरॉक्साइड मोजलं. 1983 साली तोच पदार्थ रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशींत वापरला गेला. पेशीत अशी तापट रसायनं तयार होतच असतात. बेताची असली तर कामाची, फार झाली तर घर जाळणारी. हा पदार्थ आत अंधारात दबा धरून बसतो. तापट मंडळी भेटली की हिरवा पेटतो.

संशोधक खूश झाले. पुढे कळलं की, स्वारी पेरॉक्साइडखेरीज इतरांनाही पाहून पेटते; कधीकधी तर नुसत्या उजेडानेही! दिवा लागला एवढं खरं. कोणी लावला, ते वेगळं शोधावं लागतं.

हे मला लगेच पटलं. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर वीटभट्टीवरून परतलेला एक मजूर पाचशेच्या चार नोटा घेऊन आला. अस्सल नोटेचा कागद दिव्याखाली चमकत नाही. आकडे आणि तंतू चमकतात. याच्या नोटा मात्र सबंध निळ्या उजळल्या. शेजारचा कॅशियर म्हणाला, "खोट्या!"

मजुराचा चेहरा पडला. हंगामाची कमाई होती ती.

मी जलचिन्ह पाहिलं, धागा पाहिला, आकडे पाहिले. सगळं ठीक. विचारलं, "बाबा, सदरा धुतला होता का?"

"बायकोनं धुतला. नोटा खिशातच राहिल्या."

कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत असलाच चमकणारा पदार्थ घालतात. मी नोटा जमा करून घेतल्या.

तो पावती घेऊन निघाला, दारातून परत आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मग आता सदरे मळकेच ठेवायचे का?"