सांगाड्याविना उपग्रह : सरे सॅटेलाइट टेक्नॉलॉजीची वाटचाल

उपग्रह बांधणे हे सरकारांचे काम, असा समज रूढ असताना इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या सरे विद्यापीठात मार्टिन स्वीटिंग आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी ते हाती घेतले. हॅम रेडिओवाल्यांची साथ आणि बाजारात मिळणारे सुटे भाग, एवढ्या बळावर तयार झालेला 'यूओसॅट-१' ६ ऑक्टोबर १९८१ रोजी नासाच्या डेल्टा रॉकेटवरून कक्षेत पोहोचला. पुढच्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या ट्रान्समीटरांच्या गोंगाटात जमिनीवरून धाडलेल्या आज्ञा बुडाल्या आणि काही महिने तो कुणाचे ऐकेना. अखेर कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डजवळच्या १५० फुटी अँटेनाने त्याला ताळ्यावर आणले.

१९८५ मध्ये विद्यापीठाने कंपनी काढली. भांडवल १०० पौंड, माणसे चार.

खरा पालट झाला तो जानेवारी १९९० मध्ये सुटलेल्या 'यूओसॅट-३'पासून. एरव्ही आधी सांगाडा उभारायचा आणि मग त्यात उपकरणे बसवायची. उपग्रह बदलला की आराखडा नवा, खर्चही नवा. येथे वेगळा सांगाडाच ठेवला नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या पेट्यांत बॅटरी, संगणक, रेडिओ अशा यंत्रणा वेगवेगळ्या बसवल्या आणि पेट्यांची उतरंड रचून ती जखडली. उड्डाणाचे हादरे पेट्यांच्या भिंतींनीच सोसायचे. सौरपट्ट्या बाहेरून लावायच्या. काम बदलले तर तेवढी पेटी बदलायची. एरियान रॉकेटवर मोठ्या उपग्रहाच्या पायाशी सुमारे ५० किलोच्या लहानग्यांना जागा मिळे. त्या मापात हे चपखल बसले. सोबत गेलेला 'यूओसॅट-४' मात्र दोन दिवसांच्या आतच मुका झाला. मांडणी तरीही टिकली.

२८ नोव्हेंबर २००२ रोजी अल्जीरियाचा 'अलसॅट-१' गेला. तो गिल्डफर्डमध्ये बांधताना अल्जीरियाचे अभियंतेही राबले होते, हे विसरता येत नाही. पाठोपाठ सप्टेंबर २००३ मध्ये नायजेरिया, तुर्कस्तान आणि ब्रिटनचे उपग्रह गेले आणि आपत्तीवर नजर ठेवणारा ताफा उभा राहिला. एका झेपेत ६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपणारे त्यांतले कॅमेरे २००४ च्या त्सुनामीनंतर कामी आले.

मोठ्या मोहिमांना मोठे पाठबळ लागते. जानेवारी २००९ मध्ये कंपनी ईएडीएस अ‍ॅस्ट्रिअमच्या, म्हणजे आजच्या एअरबसच्या छत्राखाली गेली.

१० जुलै २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या पीएसएलव्हीने सरेचे प्रत्येकी ४४७ किलोचे तीन उपग्रह नेले. १६ सप्टेंबर २०१८ रोजी तेथूनच ढगांआडून जमीन पाहणारा 'नोव्हासार-१' गेला. त्याची तीन मीटर लांब, एक मीटर रुंद रडार अँटेना उलगडावी लागत नाही. ती उपग्रहाच्या अंगालाच जडवलेली आहे.