लॅपटॉप आणि डेस्कटॉप संगणक

लॅपटॉप आणि डेस्कटॉप हे वैयक्तिक संगणकाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. डेस्कटॉप मेजावर एका जागी ठेवून वापरला जातो, तर लॅपटॉप मिटून सोबत नेता येतो. दोन्हींची कार्यपद्धती सारखीच असते. मुख्य भेद रचनेत आहे आणि त्यावरच वीज, दुरुस्ती व वापरातील सोय अवलंबून असते.

इतिहास
आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्याच वर्षीचा ऑसबॉर्न-१ उचलून नेता येत असे. मात्र त्याचे वजन सुमारे ११ किलो होते व त्यात अंगभूत बॅटरी नव्हती. १९८२ साली आलेल्या ग्रिड कंपासचा पडदा कळफलकावर मिटत असे. लॅपटॉपची हीच घडण पुढे रूढ झाली.

रचना व दुरुस्ती
डेस्कटॉपमध्ये मॉनिटर, कळफलक, माऊस व मुख्य पेटी स्वतंत्र असतात. बोलीभाषेत या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात. वस्तुतः सीपीयू हा पेटीच्या आतील प्रक्रियक होय. एखादा भाग बिघडल्यास तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपमध्ये सर्व भाग दाटीने बसवलेले असतात. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असल्याने ती नंतर वाढवता येत नाही. मोठ्या पेटीत हवा खेळती राहत असल्याने दीर्घकाळ चालणारे जड काम डेस्कटॉप अधिक सहजपणे करतो. लॅपटॉप गादीवर ठेवल्यास हवेची छिद्रे बंद होऊन तो तापतो.

वीज व हवामान
राधानगरी तालुक्यासारख्या अतिपावसाच्या डोंगरी भागात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. वीज जाताच यूपीएस नसलेला डेस्कटॉप बंद पडतो आणि न साठवलेले काम नष्ट होते. यूपीएस असल्यास काम साठवून संगणक रीतसर बंद करण्यापुरता अवधी मिळतो. लॅपटॉप बॅटरीवर काही तास चालतो. मात्र वापरागणिक बॅटरीची क्षमता घटत जाते. लॅपटॉपला वीजही कमी लागते. विजांच्या कडकडाटात दोन्हींचे प्लग काढून ठेवणे हितावह असते.

वारणेचे उदाहरण
१९९८ साली वारणानगर (जि. कोल्हापूर) परिसरातील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. सहकारी साखर कारखान्याच्या ऊस उत्पादकांना माहिती देण्यासाठी गावोगावी संगणक केंद्रे उभारण्यात आली. पुढे सात गावांत केलेल्या प्रयोगात हेच काम मोबाईल फोनवरील लघुसंदेशांनी भागवण्यात आले. या प्रयोगाचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. साधनाची निवड कामाच्या स्वरूपावरून व्हावी, हे यातून दिसते.

निवड
एकाच जागी, अनेकांनी मिळून किंवा दीर्घकाळ वापरायच्या संगणकासाठी डेस्कटॉप सोयीचा असतो. समान क्षमतेचा डेस्कटॉप सामान्यतः स्वस्तही पडतो. मात्र किमतीत मॉनिटर व यूपीएसचा खर्च धरावा लागतो. गाव व वसतिगृह यांत ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला लॅपटॉप उपयुक्त ठरतो. लॅपटॉपचा पडदा खाली असल्याने मान वाकते. घरी तो उंचावर ठेवून वेगळा कळफलक जोडल्यास हा दोष बराच कमी होतो.