नॅरोगेज बाष्प इंजिनांच्या प्रतिकृती

अरुंद रुळांवरील वाफेच्या इंजिनांच्या, ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या चालत्या प्रतिकृती.

मराठवाड्यातील मूळ नमुना बार्शी लाइट रेल्वेचा (पाहा : बार्शी लाइट रेल्वे). एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेला हा ७६२ मिमी. मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला व १९११ मध्ये लातूरला पोहोचला. हलक्या रुळांसाठी प्रत्येक आसावरील भार ५ टनांपर्यंत ठेवला होता. लीड्सच्या किटसन कारखान्याची पहिली इंजिने म्हणूनच आठ जोडचाकांची होती.

१:८७ प्रमाणात या मार्गाची रुंदी ८.८ मिमी. भरते, त्यामुळे ९ मिमी. रूळ चालतात. खरी अडचण वळणाची. जोडचाकांची लांब, ताठ रांग वळणावर अडते आणि चाकाची कड रुळावर चढते. उपाय दोन : मधल्या चाकांची कड काढणे किंवा आसांना आडवी मोकळीक देणे. माथेरानच्या (१९०७) ओरेनस्टाइन-कोपेल इंजिनांत दुसरा उपाय क्लीन-लिंडनर पोकळ आसांनी साधला होता. तेथील सु. १८ मी. त्रिज्येचे वळण प्रतिकृतीत जेमतेम २१ सेंमी. होते (पाहा : माथेरान रेल्वे).

लातूर–कुर्डुवाडी मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे जुन्या इंजिनांची चाकरचना चालताना पाहण्याचे प्रतिकृती हे मोलाचे साधन आहे.