जीपचं नवं काळीज

आमच्या उमरग्याच्या गॅरेजात जुनी पेट्रोल जीप आली की आबा आधी बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवत. 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत विलिस जीप जुळवायला घेतली. तिचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन दणकट, पण खर्चिक. डिझेल स्वस्त, एका लिटरमागे अंतरही जास्त. शिवाय काळ्या रानाच्या चिखलात हळू चालतानाही डिझेल इंजिन गुदमरत नाही. 1985 साली एमएम 540मध्ये 2112 सीसीचं प्यूजो डिझेल आलं. पुढे भंगारातली अशी इंजिनं जुन्या जीपांत चढू लागली.

आबा चेनब्लॉकला इंजिन टांगत, चॅसीवर खडूने खुणा करत, नवे माउंटिंग वेल्ड करत. कॉइल, डिस्ट्रिब्यूटर, प्लग निघत. पंप, नोझल, हीटर येत. वजन वाढलं म्हणून पुढच्या पाट्यात एक पान जादा घालत.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे आमच्या भागात भूकंप झाला. आबांनी इंजिन बदललेली जीप भूकंपग्रस्त सास्तूरच्या वाटेवर दिवसभर पाणी वाहत होती. ती धडधड अजून कानांत आहे. त्या हातांचा इतिहास कुणीतरी लिहायलाच हवा.