वर्षाची बेगमी



‘बेगमी’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. त्याच्या पोटात काय आहे ते क्वचितच पाहतो. शब्द मूळचा फारसी. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे चिंता. धान्य कणगीत, सांडगे-पापड डब्यात आणि लोणचे बरणीत जाऊन बसले की घर निश्चिंत होई. म्हणून साठवणालाच निश्चिंतीचे नाव मिळाले. ही निश्चिंती महाराष्ट्राने कशी मिळविली आणि ती कोणाच्या वाट्यास आली नाही, हे आज पाहावयाचे आहे.

प्रारंभ एका राजनीतीच्या ग्रंथापासून करू. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ इ. स. १७१५ च्या सुमाराचे. शिवछत्रपतींच्या हाताखाली वावरलेला हा मुत्सद्दी दुर्गांविषयी लिहू लागतो, तेव्हा तट-बुरुजांबरोबरच परसातील भाजीचाही विचार करतो. गडावरील केर खाली टाकू नये, तो जागोजागी जाळावा, राख परसात घालावी आणि घरोघरी होईल तितका भाजीपाला करवावा, अशी त्याची आज्ञा आहे. धान्याच्या कोठारास अग्नी, उंदीर, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव होऊ नये म्हणून जमीन दगडांनी पक्की करावी, असेही तो सांगतो. ही काळजी कशासाठी, हे नाशिककरांस निराळे सांगावयास नको. आपल्या शहराजवळच्या रामशेज किल्ल्यास मोगलांनी १६८२ मध्ये वेढा घातला, आणि तो लहानसा गड वर्षानुवर्षे झुंजत राहिला. वेढ्यात पराक्रमाइतकीच कोठाराची परीक्षा असते.

जे गडावर, तेच घरी. तथापि एक गैरसमज दूर केला पाहिजे. परसू एकट्याने वर्षभर कुटुंब पोशीत नसे. ज्वारी, बाजरी, नागली शेतातून यावयाची. परसू देई ते तोंडी लावणे. गवार, मेथी, हरभऱ्याचा पाला उन्हात वाळवून ठेवीत. कोहळा शिंक्यात टांगला की महिनोन्‌महिने टिके. त्याचेच सांडगे होत. कडधान्यास राख चोळीत, धान्यात कडुनिंबाचा पाला घालीत. पेवात भरलेल्या धान्याच्या श्वासाने आतील प्राणवायू सरत जाई आणि किडीस जगणे अशक्य होई. त्याच कारणाने पेव उघडल्यावर कोंडलेली हवा निघून जाईतो आत उतरणे जिवावर बेते. युरोपात निकोला आपेर या फ्रेंच गृहस्थाने बंद बाटल्यांत अन्न टिकविण्याची रीत १८१० मध्ये प्रसिद्ध केली आणि सरकारकडून बारा हजार फ्रँक मिळविले. आमच्या चैत्र-वैशाखाच्या वाळवणाला मात्र कोणी बक्षीस लावले नाही. भर उन्हात गच्चीवर राबणाऱ्या स्त्रियांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत.

ही परंपरा सनातन आणि अचल होती, असेही नव्हे. जिच्यावाचून सांडगी मिरची संभवत नाही ती मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आली. तांबडा भोपळाही मूळचा अमेरिकेचाच. परक्या बीजाला आमच्या परसाने आपले केले आणि आमच्या उन्हाने ते टिकविले.

आता या चित्राची दुसरी बाजू. ज्याला परसू नाही, शेत नाही, केवळ मजुरी आहे, त्याची बेगमी कसली? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये हे उघडे पडले. पाऊस गेला, शेतकाम गेले, मजुरी गेली आणि धान्याचे भाव चढले. धान्य आगगाडीने येऊ शकत होते. विकत घ्यावयास हाती पैसा नव्हता. दुष्काळ म्हणजे धान्याच्या तुटीपेक्षाही कामाची आणि मजुरीची तूट, हे १८८० च्या दुष्काळ आयोगानेही ओळखले. मात्र त्याआधीच, १८७७ साली, जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी धनकवडीस दुष्काळातील मुलांसाठी बालाश्रम चालविला. तेथे बेगमी एका घराची राहिली नाही. ती समाजाची झाली.

हाच धागा पुढे १९७२ च्या दुष्काळात दिसतो. दुष्काळी कामांवर लाखो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, बंधारे बांधले. आणि त्या अनुभवातून महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. हाताला कामाची हमी हीच भूमिहीनाची कणगी होय.

आज आपल्या जिल्ह्यात उन्हाळी कांदा चाळीत भरला जातो. खालून-बाजूंनी वारा खेळावा, ढीग तापू नये, ही त्यातील युक्ती आजीच्या शिंक्याचीच थोरली बहीण आहे. शहरात परसू आकसून कुंडीत आला. तेथेही चार मिरच्या अवश्य लावाव्यात. पण इतिहासाचा निर्वाळा एवढाच, की पिकविणे आणि टिकविणे या दोन विद्यांनी घर निश्चिंत होते; गाव निश्चिंत व्हावयास तिसरी विद्या लागते, ती वाटून घेण्याची. शेजारची चूल विझलेली असता आपली भरलेली कणगी ही साठवण असेल, बेगमी नव्हे.