बादली, मडकं आणि अबकारी

2009 साली पुण्यात 'डूलॅली' सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. नाव अर्थातच आपल्या देवळालीवरून! मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत नाशिकजवळच्या त्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची म्हणे, म्हणून इंग्रजीत 'डूलॅली' म्हणजे चक्रम. पुढे पुण्या-मुंबईत चकचकीत टाक्या आल्या, गव्हाची बियर आली, आणि इथेच बनवलेली ताजी बियर ही काहीतरी परदेशी, नवलाईची गोष्ट आहे असं आपण धरून चाललो.

पण कोकणात बघा. माडाची माडी, ताडाची ताडी, शिंदीची शिंदी. भंडारी झाडावर चढणार, पोय छेदणार, खाली मडकं बांधणार. यीस्टचं पाकीट नको, हॉप्स नकोत. हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट काही तासांत आपणहून कामाला लागतं, त्यामुळे सकाळी गोड असलेला रस संध्याकाळपर्यंत आंबट होतो आणि चढतोही. यापेक्षा 'क्राफ्ट' अजून काय असतं? ठाण्याच्या जंगलपट्टीत आदिवासी मोहाची फुलं आंबवून घरीच गाळायचे, तोही याच घराण्यातला प्रकार.

मग आला 1878 चा मुंबई अबकारी कायदा. त्यामागचा हिशेब सरळ होता. कर घ्यायचा तर मोजता आलं पाहिजे, आणि घरोघरची मडकी कोण मोजणार? म्हणून दारू गाळायची ती परवानाधारक मक्तेदारानेच, आणि ताडीच्या झाडांवर कर. (डेटा सगळा सेंट्रल सर्व्हरवर आणा, मग रिपोर्ट काढा. आमच्या ऑफिसात हेच चालतं!) मोहाची चोरटी दारू थांबेना, तेव्हा 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत चक्क मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं घातली. झाडाखाली पडलेली फुलं!

हे सगळं लोकांची व्यसनं सुटावीत म्हणून, असं कोणी म्हणेल. मला पटत नाही. 1880 मध्ये जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून विरोध केला होता तो वाढत्या दारूच्या दुकानांना. म्हणजे घरची दारू गुन्हा, आणि परवान्याची नाक्यानाक्यावर.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तो पुढे ढिला झाला, पण गेला नाही. 'परमिट रूम' हा शब्द त्याचीच देणगी, आणि कागदोपत्री प्यायला आजही परमिट लागतं, तेही प्रकृतीच्या कारणासाठी! असो.

अमेरिकेत मात्र आपल्या अबकारी कायद्यानंतर बरोब्बर 100 वर्षांनी, 1978 मध्ये, घरी बियर बनवण्यावरची केंद्र सरकारची बंदी उठली. दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन. सिएरा नेवाडावाला केन ग्रॉसमन असाच घरी बियर बनवणारा होता. तिथली लाट बादलीतून टाकीत गेली. आपल्याकडे टाकी थेट वरून उतरली, भांडवल, जागा आणि लायसन्स असलेल्यांच्या हातात.

बादली मात्र होती तिथेच आहे. त्या कायद्याच्या कलम 12 मध्ये विनापरवाना दारू बनवायला मनाई आहे, आणि घरच्यापुरती म्हणून अशी काही सूट नाही. बाल्कनीत माल्ट उकळणारा कोथरूडचा इंजिनिअर आणि मोह गाळणारी डहाणूची बाई, दोघंही त्याच कलमात बसतात. धाड कोणाकडे पडते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.